वाफेची इस्त्री आणि विक्रेत्याचा शब्द

विजेच्या उपकरणांच्या व्यापारात वाफेची इस्त्री ही दिसावयास लहानशी वस्तू. तथापि विक्रेत्याच्या शब्दाची कसोटी तिच्याइतकी दुसरी वस्तू क्वचितच पाहते. पंखा फिरतो की नाही, दिवा लागतो की नाही, हे ग्राहकाला दुकानातच समजते. इस्त्री तापते हेही समजते. परंतु ती पाणी गाळील की नाही आणि वर्षभराने वाफ देईल की नाही, हे पेटी उघडून दाखविल्याने कळत नाही. त्या बाबतीत ग्राहक केवळ आपल्या सांगण्यावर विसंबतो. सबब, हे सांगणे कसे असावे याचा विचार व्यापारी बंधूंपुढे मांडण्याचा येथे हेतू आहे.

बेळगाव-धारवाडकडील कौदी काय किंवा देशावरील वाकळ काय, जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवली जाई. तिला इस्त्रीची फारशी गरज नव्हती. आज मात्र नव्या कापडाचे तुकडे जोडून नक्षीची गोधडी करणाऱ्या, पडदे, पिशव्या व मुलांचे कपडे घरी शिवून विकणाऱ्या भगिनींची गोष्ट निराळी आहे. पाव इंच माया सोडून जोडलेल्या शेकडो तुकड्यांत प्रत्येक शिवण दाबून नीट बसविली नाही, तर केसभर फरक साठत साठत शेवटी चौकोन चौकोन राहत नाही. अशा कामात इस्त्री हे शेवटचे सुशोभन नसून कात्रीइतकेच आवश्यक हत्यार आहे. तिच्या छिद्रातून गढूळ पाण्याचा एक थेंब पांढऱ्या कापडावर पडला, तर पंधरा दिवसांचे श्रम वाया जातात, आणि त्या श्रमांची भरपाई नवी इस्त्री बदलून दिल्यानेही होत नाही.

इस्त्री गळते ती बहुधा दोन कारणांनी. टाकीतील पाणी थेंबाथेंबाने तळाशी असलेल्या तापलेल्या पोकळीत पडते आणि तेथे त्याची वाफ होते. तळ पुरेसा तापलेला नसला, तर तोच थेंब वाफ न होता छिद्रातून खाली उतरतो. म्हणून रेशमासाठी वा कृत्रिम धाग्यासाठी उष्णता मंद ठेवून वाफेची कळ चालू ठेवली की पुष्कळशा इस्त्र्या गळतात. दुसरे कारण पाण्यातील क्षार. विंधन विहिरीचे जड पाणी तापले की चुन्याचा थर धरतो, छिद्रे बुजतात आणि सुटलेल्या कपच्या वाफेबरोबर कापडावर येतात. तेव्हा ‘घरी पाणी कोणते?’ हा प्रश्न किमतीच्या आधी विचारला पाहिजे. सोबतच्या पुस्तिकेत सांगितले असेल तेच पाणी टाकीत घालावे, खळ किंवा अत्तर घालू नये आणि काम संपताच टाकी रिकामी करावी, एवढे सांगावयास दोन मिनिटे पुरतात.

वॅटच्या आकड्याचेही तसेच. मोठा आकडा म्हणजे उत्तम इस्त्री, अशी समजूत आपणच रूढ केली आहे. आपल्याकडील २३० व्होल्टच्या विजेवर २००० वॅटची इस्त्री सुमारे ८.७ अँपिअर प्रवाह घेते. घरातील साधे सॉकेट ६ अँपिअरचे असते. तेथे ही इस्त्री लावणे योग्य नव्हे, तिला १६ अँपिअरचे सॉकेट हवे. १२५० वॅटची इस्त्री सुमारे ५.४ अँपिअर घेते, ती साध्या सॉकेटवर चालते. तसेच काही इस्त्र्या थोडा वेळ न हलविल्यास आपोआप बंद होतात. विसराळू घरात ही सोय मोलाची; परंतु दोन शिवणींच्या मध्ये यंत्रावर बसणाऱ्या बाईला दर वेळी थंड इस्त्री हाती आली, तर तीच सोय अडचण होते.

आता जे म्हणावयाचे ते काही बंधूंना रुचणार नाही. तुकडे जोडण्याच्या कामास पुष्कळदा वाफेची इस्त्री लागतच नाही. उरेब कापलेली कड वाफेने व ओढीने ताणली जाते. तेथे इस्त्री सरकवू नये, उचलून ठेवावी व दाबावी. जड, साधी, कोरडी इस्त्री आणि पाण्याचा फवारा एवढ्याने हे काम उत्तम होते, आणि जेथे पाण्याची टाकीच नाही तेथे गळतीही नाही. जाड सुती कापड, पडदे व लोकरीचे कपडे यांना वाफ उपयोगी पडते. रोज आठ तास शिवणाऱ्यास तर वर टांगलेल्या बाटलीतून नळीने पाणी घेणारी, कारखान्यांत वापरतात ती इस्त्री दाखवावी. ती महाग असली तरी तिची नळी व झडप स्वतंत्रपणे बदलता येतात आणि बाटलीत क्षार शोषणारे दाणे घालण्याची सोय असते. गरज पाहून कमी किमतीची वस्तू पुढे करण्यात आजचा नफा थोडा बुडतो खरा, परंतु ती बाई पुढे शिलाई यंत्रासाठी आपल्याच दुकानी येते.

कोणी म्हणेल, ग्राहक फोनवर भाव पाहून येतो, मग एवढा खटाटोप कशाला? वास्तविक त्याचसाठी करावयाचा. भावाच्या शर्यतीत लहान दुकानदार टिकणार नाही. परंतु हातच्या कांकणाला आरसा कशाला? प्रत्येक जातीची एक इस्त्री नमुन्यादाखल ठेवावी, ग्राहकाच्या पाण्याने भरून, मध्यम उष्णतेवर, पांढऱ्या कापडावर दहा मिनिटे चालवून दाखवावी. ही सोय घरपोच पेटी धाडणाऱ्यास नाही.

त्याखेरीज परत आलेल्या प्रत्येक इस्त्रीची जात, वापराचे महिने व दोष यांची नोंद ठेवावी. संघातील दुकानदारांनी वर्षाअखेर या नोंदी एकत्र पाहिल्या, तर पुढील मागणी कोणत्या मालाची नोंदवावी हे जाहिरातीवाचून कळेल. आय.एस.आय. चिन्ह हे मानकानुसार झालेल्या तपासणीचे द्योतक आहे; इस्त्री वर्षानुवर्षे गळणार नाही, याचे ते वचन नव्हे, हेही सांगावे. ‘कधीच गळणार नाही’ असे शब्द तर टाळावेतच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या ८६ व्या कलमानुसार, उत्पादकाच्या हमीहून निराळी हमी विक्रेत्याने स्वतः दिली, ती खरी ठरली नाही आणि त्यामुळे हानी झाली, तर तो स्वतः उत्तरदायी ठरू शकतो.

परंतु कायद्याच्या भयाने बोललेले खरे फार काळ टिकत नाही. भरवशाची इस्त्री शोधणारी बाई दुकानाची पायरी चढते, तेव्हा ती प्रथम भरवशाचा माणूसच शोधीत असते. तो तिला मिळाला, तर वस्तूची निवड अवघड नाही. आणि तो मिळाला नाही, तर आपल्या दुकानात आणि तिच्या हातातील फोनमध्ये तिला भावापलीकडे काही फरक दिसावा, अशी अपेक्षा आपण कोणत्या अधिकाराने करावी?