बुलेटचा आवाज आणि बापाचं नाव

खापरखेड्याला आवाज काही नवा नाही. २१० मेगावॅटचे चार संच आणि ५०० मेगावॅटचा पाचवा, असं १३४० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र उशाशी घेऊन हे गाव झोपतं आणि उठतं. वाफ सोडल्याचा आवाज, कोळशाच्या गाड्यांचा आवाज, ट्रकांची घरघर, सगळं कानाला सवयीचं झालेलं. त्यात गेल्या काही वर्षांत एक नवा आवाज मिसळला आहे. सायलेन्सर बदललेल्या बुलेटचा. आज आम्ही त्याविषयीच लिहिणार आहोत, कारण हा प्रश्न आता आपल्या वस्तीतल्या घराघरांत जेवणाच्या ताटावर आला आहे. पोरगा म्हणतो, सायलेन्सर बदलायचा. बाप म्हणतो, पोलीस धरतील. आई विचारते, पैसे कुठून आणणार? आणि पोराचं उत्तर तयार असतं, "बाबा, सगळेच लावतात."

या हौसेला आम्ही हसणार नाही. ज्या समाजाच्या माणसाला गावातून मान वर करून चालायला मिळत नव्हतं, त्याचा नातू स्वतःच्या गाडीवर बसून मुख्य रस्त्याने जातो, तेव्हा चार लोकांनी वळून पाहावं असं त्याला वाटणारच. मोबाईलवर तो कोटी-कोटी रुपयांच्या स्पोर्ट्स कार पाहतो. त्यांची गुरगुर ऐकतो. तसली गाडी या जन्मी दारात येणार नाही हे त्याला ठाऊक असतं, पण तसला आवाज मात्र दोन-चार हजारांत गॅरेजवर मिळतो. कुणी त्याला पंजाबी म्हणतं, कुणी इंदोरी. फक्त एक गोष्ट पोराला कुणी सांगत नाही. त्या महागड्या गाडीचा आवाज कंपनीने ठरवलेला असतो, आणि ती चाचणीतून पास झाल्यावरच रस्त्यावर येते. मालकाने नंतर नळी बदलली, तर कायदा त्यालाही तोच लागू आहे. त्याच्यापाशी वकील असतो एवढाच फरक.

सायलेन्सर म्हणजे नुसता पाइप नव्हे. इंजिनातून धूर धक्क्याधक्क्याने बाहेर पडतो. तो आतल्या कप्प्यांतून आणि जाळ्यांतून फिरवून त्याचा जोर मोडायचा, हे त्याचं काम. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ गाड्याच विकल्या जातात. त्यांत धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही बहुधा याच नळीत बसवलेला असतो. कंपनीचा सायलेन्सर काढला की आवाज वाढतो, आणि कित्येकदा धूर गाळणारा भागही त्याच्यासोबत निघून जातो. ते फटाके फोडणं म्हणजे काय, तेही सांगतो. चालत्या गाडीचं इग्निशन क्षणभर बंद करून पुन्हा चालू केलं, की न जळालेलं पेट्रोल तापलेल्या नळीत जाऊन पेटतं. म्हणजे पेट्रोलच्या भावाने फटाके! दिवाळीच्या फटाक्यांवर फुकट पैसा जाळू नका म्हणून जे घर मुलांना शिकवतं, त्याच घरासमोर हे चालतं.

आता कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने नोंदवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाजोगा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका खटल्यात हीच गोष्ट ठामपणे सांगितली. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवल्या. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला कलम १८२ अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. आवाजाचे आणि धुराचे नियम मोडून गाडी चालवणाऱ्याला कलम १९० (२) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. रस्त्यावर तडजोडीने भरायची रक्कम याहून कमी असते, म्हणून पोरं हे कलम हसण्यावारी नेतात.

आमच्या मते हसण्यासारखं त्यात काही नाही. या दोन कलमांतले दोन शब्द पुन्हा वाचा. एकात "मालक" आहे आणि दुसऱ्यात "लायसन्स".

आपल्या घरांत गाडी पोराच्या हातात असते, पण आरसी बुकावर नाव बहुधा बापाचं असतं. कर्ज त्याच्या पगारपत्रकावर मिळालेलं असतं. ज्याने सारी उमर कोळशाच्या पट्ट्यापाशी किंवा बॉयलरपाशी काढली, कधी कुणाची उधारी बुडवली नाही, त्याच्या नावावर चलान येतं. सायलेन्सर आपण बदलला नाही, हे त्याने ठाण्यात आणि कोर्टात सांगत बसायचं. गॅरेजवाल्याचं नाव आरसी बुकात नसतं. आणि गाडी चालवणारा अठराच्या आतला असेल, तर कलम १९९ अ खाली पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते, आणि पोराला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

लायसन्सचं म्हणाल, तर वीज केंद्राच्या आणि खाणीच्या ठेकेदारांकडे गाड्या चालवून किती घरं जगतात, ते वाचकांना आम्ही सांगायला नको. ड्रायव्हरचं लायसन्स म्हणजे त्याच्या घरातली चूल. ते तीन महिने बंद राहिलं, तर ठेकेदार जागा रिकामी ठेवून वाट पाहत बसत नाही. बुलेटवर केलेली हौस बोलेरोवरची भाकर घेऊन जाते.

पोरांचा एक युक्तिवाद आम्ही पुष्कळदा ऐकला आहे, "पोलिसांनी आवाज मोजून दाखवावा." १७५ सीसीवरच्या मोटारसायकलला आवाजाची मर्यादा ८० डेसिबलची आहे. पण ती मोजतात चाचणीच्या मोकळ्या रस्त्यावर, साडेसात मीटरवर मायक्रोफोन ठेवून आणि गाडी वेगात आणून. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत असल्या चाचण्या होतात, सावनेर रोडच्या चौकात नव्हे. म्हणून पोर खूश होतं. पण नळीच बदललेली असेल, तर तो बदल हाच वेगळा गुन्हा आहे. त्याला मीटर लागत नाही, डोळे पुरतात. राज्यातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडले, त्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत छापून आली आहेत. त्या ढिगात कुणाचे किती हजार गेले, ते ज्याचं त्याला माहीत.

दुसरी तक्रार अधिक खरी आहे, आणि आम्ही ती झाकणार नाही. १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला गाडीवर निळा झेंडा दिसला की आधी आपलं पोरगं अडवलं जातं, मागून तसाच धडधडत आलेला दुसरा सुटतो, असं आपली माणसं सांगतात. असं झालं तर त्याविरुद्ध लेखी तक्रार करा. चलान चुकीचं वाटलं तर ते भरण्याआधी हरकत घ्या, कोर्टात जा. पण ही लढाई कंपनीच्या सायलेन्सरवर बसूनच लढता येते. आपलीच नळी फुटकी असेल तर भेदभावाचा मुद्दा कितीही खरा असला तरी चौकशीत पहिल्या मिनिटाला पडतो. बाबासाहेबांनी आपल्याला कायद्याचं शस्त्र दिलं. ते समोरच्याच्या हातात आपण होऊन का द्यावं?

दंडाचा हिशेब एवढा पुरे. एक हिशेब कायद्यातही नीट मांडलेला नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची पातळी आहे, आणि रात्र म्हणजे दहा ते सहा. हे ज्याने लिहिलं तो दिवसपाळीचा माणूस असावा! खापरखेड्यात तिसरी पाळी करून आलेला माणूस सकाळी नऊला पाठ टेकतो. त्याची रात्र दुपारी दोनला संपते. त्याच्या गल्लीतून अकराला तीन बुलेट गेल्या, तर नियमाप्रमाणे तो दिवस आहे. पण संध्याकाळी कामावर जाणाऱ्या त्या माणसाचे डोळे जड आहेत आणि हात यंत्रावर आहेत. कारखान्यांत ९० डेसिबलच्या वर आठ तास काम करू देऊ नये, असं मानलं जातं. आवाजाने येणारा बहिरेपणा १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने कामगारांच्या रोगांच्या यादीत घातला होता. टर्बाइनपाशी कानाला संरक्षण लावून आठ तास काढलेला बाप घरी येतो, तेव्हा कान उघडे ठेवून निवांत बसायची त्याची तीच एक जागा असते.

दीघनिकायात राजा अजातशत्रूची गोष्ट आहे. पौर्णिमेच्या रात्री जीवक वैद्य त्याला आपल्या आंबराईत तथागतांच्या भेटीला नेतो. जवळ आल्यावर राजा भ्याला. म्हणाला, इथे साडेबाराशे भिक्खू आहेत म्हणतोस, मग शिंकेचा, खोकल्याचासुद्धा आवाज कसा नाही? मला दग्याने शत्रूच्या हवाली तर करत नाहीस ना? ज्याच्या पदरी हत्ती होते, सैन्य होतं, तो हादरला तो शांततेने. ही गोष्ट आयांनी पोरांना जरूर सांगावी. आमचा अनुभव असा आहे की ती उपदेशापेक्षा जास्त वेळ लक्षात राहते.

आता ज्यांचा प्रश्न हौसेचा नाही, त्यांच्यासाठी. जुन्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटतो, कंपनीचा महाग पडतो, म्हणून गॅरेजवाला स्वस्तातला बसवून देतो आणि माणूस नकळत त्याच रांगेत जातो. लहान भोक असेल तर वेल्डिंग करून घ्या, चालतं. बदलायचाच असेल तर आपल्याच मॉडेलचा मागा, पक्कं बिल घ्या आणि ते आरसीच्या झेरॉक्ससोबत ठेवा. नव्या गाडीत बदल केला तर वॉरंटीवर पाणी पडतं, आणि अपघातानंतर विमा कंपनी नुकसानभरपाईवर हरकत घेऊ शकते, तेही ध्यानात असू द्या.

आणि ज्या पोरांनी आधीच बदल करून घेतला आहे, त्यांनी कंपनीचा काढलेला सायलेन्सर गॅरेजवर सोडला असेल तर आजच जाऊन परत मागावा. पुष्कळ ठिकाणी तो भंगारात जातो. त्यातल्या कन्व्हर्टरमध्ये महागडे धातू असतात. ते गॅरेजवाल्याला ठाऊक असतं, पोराला नसतं.