जुना लोखंडी पूल: जपावा की उतरवावा?

पोखर्णीवरून परळीकडे जाणारी रेल्वे गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडते. याच नदीवर, खाली राजमहेंद्रीला, हॅवलॉक पुलाने १९०० ते १९९७ अशी जवळपास शंभर वर्षे रेल्वे पेलली. निवृत्तीनंतरही त्याचे दगडी खांब आणि लोखंडी गाळे उभे राहिले. ते मोडीत काढावेत की पर्यटनासाठी राखावेत, यावर मग दीर्घकाळ चर्चा चालली. वापरातून गेलेल्या प्रत्येक लोखंडी पुलापुढे हाच प्रश्न उभा राहतो.

उतरवा म्हणणाऱ्यांची बाजू भक्कम आहे. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याजवळ इंद्रायणीवरचा लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. गर्दी मात्र त्याने थांबली नाही. कैचीच्या, म्हणजे त्रिकोणी जोडणीच्या, पुलात प्रत्येक दांडा शेजारच्या दांड्यांच्या आधाराने भार पेलतो. मोक्याचा एक सांधा गंजून तुटला, तर अख्खा गाळा खाली येऊ शकतो. मुंबईतला १८६८चा कर्नाक पूल २०२२मध्ये पाडला गेला, तोही धोकादायक ठरल्यावरच.

दुसरीकडे, जपा म्हणणारे केवळ आठवणींत रमलेले नाहीत. कैचीच्या याच रचनेत गंजलेला दांडा, योग्य टेकू देऊन, बदलता येतो. रेल्वेसाठी बांधलेल्या पुलाला पायी माणसांचा आणि गुराढोरांचा भार तुलनेने हलका असतो. नदीकाठच्या शेतकऱ्याचा आणि मेंढपाळाचा लांबचा वळसाही वाचतो. शिवाय एकदा भंगारात गेलेला पूल परत मिळत नाही.

तरीही रंगकाम आणि सांध्यांची तपासणी फुकट होत नाही. तोच पैसा गावच्या रस्त्याला आणि शाळेलाही हवा असतो. हा आक्षेप रास्तच आहे.

आमचा कल जपण्याकडे आहे, कारण वयावरून पुलाचा निकाल लावता येत नाही: राजमहेंद्रीचा जवळपास शंभर वर्षे चालला, कुंडमळ्याचा तीसेक वर्षांत पडला. मात्र जपणे म्हणजे नुसते उभे ठेवणे नव्हे. पुलाची जबाबदारी एका ठरावीक कार्यालयाकडे असावी, भारमर्यादा तपासून ठरवलेली असावी आणि देखभालीची तरतूद दरवर्षी व्हावी. तोवर फलकावर न विसंबता दोन्ही तोंडे पक्की बंद करावीत. ठरवलेल्या मुदतीत ही जबाबदारी कुणीच घेतली नाही, तर पूल उतरवणेच अधिक प्रामाणिक ठरेल.