खोळ उशीची की माणसाची?

पुण्यातल्या घरात ‘खोळ’ म्हटले की उशी आठवते. तिथून भीमाशंकरच्या वाटेने तळेघरपर्यंत वर चढले की आषाढात खोळ माणसाच्या अंगावर दिसते. घोंगडीचे एक टोक मुडपून टोपीसारखे डोक्यावर घ्यायचे, उरलेली घोंगडी पाठीवर सोडायची, आणि भाताच्या खाचरात उतरायचे. शब्द एकच, आतला ऐवज तेवढा वेगळा.

अशी गंमत कुणी सांगितली की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘हो, पण शुद्ध मराठीत त्याला काय म्हणतात?’ या ‘पण’मध्ये एक पक्की समजूत दडलेली असते. घरातल्या प्रत्येक वस्तूला एकच खरा मराठी शब्द आहे आणि बाकीचे त्याचे गावठी अवतार आहेत, ही ती समजूत. तिच्या बाजूने दोन युक्तिवाद होतात. बोलीतले शब्द अपभ्रष्ट असतात, हा पहिला. इतक्या शब्दांनी गोंधळ होतो, हा दुसरा.

पहिला तपासायला स्वयंपाकघराबाहेर जावे लागत नाही. ‘शुद्ध’ घरातली बादली, चावी आणि घमेले पोर्तुगिजांकडून आले. कुलूप आणि खुर्ची अरबीतून आली. चमचा तुर्की-फारसी वाटेने ताटाशेजारी येऊन बसला. यांना कुणी अपभ्रंश म्हणत नाही, कारण ते छापील पुस्तकांत शिरले. वऱ्हाडातला सराटा मात्र उलथण्याचा गावंढळ भाऊ ठरतो. म्हणजे निकष शुद्धतेचा नाही. छापखाना कुणाच्या अंगणात होता, याचा आहे. य. रा. दाते आणि चिं. ग. कर्वे यांना हे कळत होते. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त शब्दांपुढे वऱ्हाडी, नागपुरी, गोमंतकी, कुडाळी अशा खुणा आहेत. ‘हा शब्द तिकडचा आहे’ एवढेच त्या खुणा सांगतात. ‘तिकडचा’ म्हणजे ‘चुकीचा’ हा अर्थ नंतरच्यांनी काढला.

तळेघर ज्यात येते त्या जुन्नर-आंबेगाव पट्ट्याच्या बाबतीत तर हा दुटप्पीपणा अधिकच खुलतो. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात दर्जा दिला. त्यासाठी वर्षानुवर्षे जे पुरावे पुढे केले गेले, त्यांत नाणेघाटातला सातवाहनकालीन शिलालेख आणि त्यातला ‘महारठिनो’ हा शब्द मानाने मिरवला. हा घाट जुन्नरच्या पश्चिमेचा. डोंगरावर कोरलेले अक्षर अभिजात, आणि त्याच डोंगररांगेत भात लावणाऱ्या बाईच्या तोंडचे अक्षर अशुद्ध! ती ‘आवणी’ म्हणते. घाट उतरून कोकणात गेले की तिचीच ‘लावणी’ होते. यातला एक शब्द बरोबर आणि दुसरा चूक ठरवायला कोणता पंच बसवायचा?

आता गोंधळाचा युक्तिवाद. तो पूर्ण खोटा नाही. ‘गंज’ घ्या. नागपूरकडची गृहिणी गंजात दूध तापवते. पुण्याच्या घरात गंज लोखंडाला चढतो. जुन्नरच्या शेतकऱ्याची गंज पेंढ्याची असते आणि खळ्याशेजारी उभी राहते. नागपूरहून पुण्यात आलेल्या सुनेने ‘गंज घासून ठेवला’ म्हटले तर सासूबाई क्षणभर पाहत राहतील, हे मान्य. पण तो घोटाळा भांडे दाखवले की मिटतो. प्रश्नपत्रिका, सरकारी अर्ज, औषधाची चिठ्ठी यांना एक ठरलेला शब्द हवा, यावर भांडण्याचे कारण नाही. मात्र प्रश्नपत्रिकेची सोय म्हणजे भाषेचा कायदा नव्हे.

खरी गफलत वेगळीच आहे. ज्यांना समानार्थी म्हणून एका ओळीत बसवले जाते, ते शब्द अनेकदा समानार्थी नसतातच. केरसुणी शिंदीच्या पानांची, घरात फिरणारी, लक्ष्मीपूजनाला हळदकुंकू लावून घेणारी. खराटा काड्यांचा किंवा नारळाच्या हिरांचा, अंगणासाठी. कोकणात हीर मुबलक, देशावर शिंदी. जे झाड दारात, त्याचा झाडू हातात, आणि नाव त्या हाताने ठेवलेले. विळीचेही तसेच. जिथे नारळ रोज फुटतो तिथल्या मोरळीला खोबरे खवायचे दात असतात. गोव्यात तीच आदोळी. नुसती भाजी चिरायची असेल तर ते दात हवेत कशाला?

पातेले, टोप, भगोणे, गंज या चौकडीकडेही असेच पाहावे. भांडी कारखान्यातून येण्याआधी ती तांबटाकडून, कासाराकडून येत. पुण्याला तांबट आळी होती, नाशिक आणि भंडारा पितळेसाठी प्रसिद्ध. घडवणारा जवळचा, विकणारा जवळचा, म्हणून नावही जवळचे. उलट प्रेशर कुकर पाहा. तळेघरात कुकर, गडचिरोलीत कुकर, पणजीत कुकर. तीच गत मिक्सरची. ‘दर बारा कोसांवर भाषा बदलते’ असे मोठ्या रुबाबात सांगितले जाते. पण कोस मोजून शब्द बदलत नाहीत. ते बुरूड, कुंभार, लोहार, आठवड्याचा बाजार आणि लेकीबाळींची सासरे यांच्या मागे जातात. वस्तू दूरच्या कारखान्यातून आली की नावही तिथूनच चिकटून येते.

म्हणूनच बोलीच्या भाबड्या कैवाऱ्यांशीही थोडे भांडायला हवे. ‘हे शब्द जपा’ म्हणून जपले जात नाहीत. बांबूच्या कामट्या आणि पाने यांचे इरले पाठीवर घेऊन आवणी करणारी माणसे आता कमी. प्लॅस्टिकचा कागद स्वस्त आणि हलका. इरल्याच्या आठवणीने गहिवरणाऱ्याने ते एकदा दिवसभर पाठीवर वागवून पाहावे. चुलीच्या अंगचा वैल गॅसच्या शेगडीबरोबर गेला, तो शब्दाखातर परत येणार नाही. पण वस्तू जाते म्हणून तिची नोंदही जावी असे कुठे आहे? जुन्नर तालुक्यातल्या निमगिरीचे डॉ. गोविंद गारे यांनी सह्याद्रीतल्या महादेव कोळ्यांचे जगणे लिहून ठेवले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले आणि गावोगावच्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केले. एकाच वस्तूचे चार शब्द चार जिल्ह्यांत कसे पसरले आहेत, हे तिथे गहिवर न काढता समजते.

शाळेतही हे अवघड नाही. मुलाने ‘खोळ’ म्हणताच ‘घोंगडी म्हण’ असे न सांगता, ती कशी घेतात हे त्याच्याकडून वर्गाला दाखवून घेतले तर पाच मिनिटे जातील. उशीची खोळ त्याला नंतर कळेलच.

बाजाराने तर हा वाद केव्हाच निकालात काढला आहे. आंबेगावच्या डोंगरउतारावर जी वरई पिकते, ती पुण्याच्या उपासाला वरीचे तांदूळ होते, नाशिक-मराठवाड्याकडे भगर. महाशिवरात्रीला भीमाशंकरच्या यात्रेसाठी तळेघरवरून जाणारे भाविक तिन्ही नावांनी तेच धान्य मागतात. त्यातले शुद्ध कोणते हे दुकानदार विचारत नाही. कारण पाकिटावरच पुष्कळदा ‘वरई’ आणि ‘भगर’ दोन्ही छापलेले असते.