कलत्या घरातला संसार

शिडाच्या नौकेतून महासागर ओलांडून आलेल्या माणसाला लोक हमखास वादळाबद्दल विचारतात. गृहिणीला मात्र वेगळेच प्रश्न पडतात. भात कसा शिजवता? झोपता केव्हा? केस कधी धुता? मला विचाराल तर हेच प्रश्न जास्त महत्त्वाचे. वादळ काही दिवसांचे, पण संसार रोजचा!

आपल्या नौदलाच्या सहा महिला अधिकारी १० सप्टेंबर २०१७ रोजी ‘तारिणी’ या ५५ फुटी नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी पृथ्वीप्रदक्षिणा करून परतल्या. पॅसिफिकमध्ये ६० नॉटहून अधिक वेगाचा वारा आणि सात मीटरपर्यंतच्या लाटा त्यांनी सोसल्या. या सगळ्यात भूक लागायची ती लागतेच.

वारा शिडात भरला की नौका एका अंगाला कलते आणि कधी कधी दिवसचे दिवस तशीच धावते. म्हणून शेगडी दोन खिळ्यांवर झुलती बसवलेली असते. घर कलले तरी ती आडवीच राहते. भांडे घसरू नये म्हणून चिमटे आणि स्वयंपाक करणाराच घसरू नये म्हणून कमरेला पट्टा. झाकण घट्ट बसणारा आपला प्रेशर कुकर इथे फारच उपयोगी. ताटे मात्र कुचकामी, खोलगट वाडगाच बरा. पालेभाजी पहिल्या आठवड्यातच संपते, कोबी, कांदे, बटाटे पुढे बरेच दिवस साथ देतात. त्यानंतर ताजे काही हवे असेल तर मुगाला मोड आणायचे.

पाण्याचा हिशेब तर आपल्या टँकरवाल्या गावांनाही लाजवील असा. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र असते, पण ते विजेवर चालते आणि बिघडूही शकते. त्यामुळे भांडी खाऱ्या पाण्यात घासायची. साध्या साबणाला त्यात फेस येत नाही. खाऱ्या पाण्यात भिजलेले कपडे नीट वाळतच नाहीत, कारण मीठ हवेतली ओल ओढून घेते. पाऊस आला की शिडावरून ओघळणारे पाणी धरायचे, पण पहिले पाणी सोडून द्यायचे. ते शिडावरचे मीठ धुऊन आणते.

आणि झोप? कुणीतरी सतत जागे हवेच. तीन-चार तासांचे पहारे वाटून घेतात. झोपणाऱ्याच्या फळीला, तान्ह्याच्या पाळण्याला असतो तसा, एका बाजूने कापडी कठडा बांधलेला असतो. ‘तारिणी’वरूनच लेफ्टनंट कमांडर दिलना आणि रूपा या दोघींनी २०२४-२५ मध्ये प्रदक्षिणा केली. दोघीच असल्यावर एकीची झोप म्हणजे दुसरीचे जागरण! जानेवारी २०२५ मध्ये त्या ‘पॉइंट नेमो’जवळून गेल्या. तिथून सर्वांत जवळची जमीन सुमारे २,६८८ किलोमीटर दूर आहे.

अशा ठिकाणी वस्तू जागच्या जागी असणे, नव्हे हात पोचेल अशा जागी असणे, याला फार किंमत असते. सप्टेंबर २०१८ मध्ये अभिलाष टॉमी एकट्याने गोल्डन ग्लोब शर्यतीत होते. दक्षिण हिंदी महासागरात वादळाने त्यांच्या ‘थुरिया’ची डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीला जबर मार बसला. उठणे अशक्य. उपग्रह फोन नौकेतच होता, आणीबाणीच्या पिशवीत नीट भरून ठेवलेला. पण पिशवीपर्यंत त्यांना जाता येईना. एका छोट्या यंत्रावरून ते तुटक संदेश पाठवत राहिले. आइस्ड टीचे डबे तेवढे होते आणि उलट्या थांबत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

पाठीवर शस्त्रक्रिया झाली, ते पुन्हा चालायला शिकले. २०२२ मध्ये ते त्याच शर्यतीत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसऱ्या क्रमांकाने किनाऱ्याला लागले.