बनावट तज्ज्ञ, खरे श्रोते

लॉस एंजेलिसच्या केएफआय नभोवाणी केंद्रावर १९९६ पासून फिल हेन्ड्री यांचा कार्यक्रम गाजू लागला. त्याचे रूप नेहमीच्या चर्चेचेच होते. सूत्रधाराने पाहुण्याची ओळख करून द्यावी, पाहुण्याने मत मांडावे आणि श्रोत्यांनी दूरध्वनीवरून त्याला जाब विचारावा. मात्र पाहुणा मुळात अस्तित्वातच नसे. हेन्ड्री स्वतःच दोन्ही आवाज काढीत. आपल्यासाठी समोरचा मायक्रोफोन आणि पाहुण्यासाठी दूरध्वनीचा रिसीव्हर. कधी उपाहारगृहाचे मालक टेड बेल, तर कधी गृहसंस्थेच्या पदाधिकारी बॉबी डूली. ही मंडळी अशी काही विधाने करीत, की नवखा श्रोता तावातावाने फोन फिरवी. जुना श्रोता तो संताप ऐकण्यासाठीच रेडिओ लावून बसे.

सूत्रधाराने दिलेली ओळख, तारेवरून येणारा दबका आवाज आणि ठाम सूर, एवढ्या भांडवलावर पाहुणा खरा ठरे. अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही विनातारण पत होय. तीत श्रोत्याचा मूर्खपणा शोधणे अन्यायाचे होईल. प्रत्येक तज्ज्ञाची शहानिशा करावयाची तर दिवस पुरणार नाही; म्हणून माणूस ज्या संस्थेवर विश्वास आहे, तिच्या शब्दावर भिस्त ठेवतो.

या पतीचे सामर्थ्य ब्रिटनने फार पूर्वीच अनुभवले होते. १६ जानेवारी १९२६ रोजी बीबीसीच्या एडिंबरा केंद्रावरून रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूंनी लंडनमधील दंगलीचे विनोदी वार्तापत्र वाचले. दंगलखोरांचा म्होरक्या कोण, तर नाट्यगृहांपुढील रांगा नष्ट करू पाहणाऱ्या चळवळीचा चिटणीस! तरीही पुष्कळ लोक घाबरले. त्यातच बर्फवृष्टीमुळे गावोगावची वृत्तपत्रे उशिरा पोहोचली आणि पडताळ्याचे एक साधनही तेवढा काळ हातचे गेले.

विनोदकाराला आपले बिंग कधीतरी फुटावेच लागते, एरवी विनोद होणार कसा? ठगाला ती अडचण नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले, की गव्हर्नरांच्या नावे गुंतवणुकीचा सल्ला देणाऱ्या चित्रफिती बनावट आहेत आणि बँक असा सल्ला देतच नाही. हेन्ड्रींना जे कसब वर्षानुवर्षे कमवावे लागले, ते आता यंत्र स्वस्तात पुरविते. पणाला लागते ती निवृत्त शिक्षकाची भविष्यनिर्वाह निधीची रक्कम.

अशा वेळी ‘ग्राहकांनी सावध राहावे’ एवढ्या सूचनेवर भागविणे म्हणजे शहानिशेचा सारा खर्च सर्वांत दुबळ्या पक्षावर लादणे होय. चित्रफितीच्या प्रसारातून जाहिरातीचे उत्पन्न मिळविणाऱ्या कंपन्यांनी तो का उचलू नये? हेन्ड्रींच्या संतापलेल्या श्रोत्याला निदान तक्रारीचे पत्र कोणत्या केंद्राला धाडावयाचे, हे ठाऊक असे.