नुसती बॉर्डर नाही हो ती!

‘ग्रीक की’ हे नाव कदाचित तुम्ही ऐकलं नसेल, पण ती नक्षी हजारदा पाहिली असणार. रेघ सरळ निघते, काटकोनात वळते, आत शिरते, बाहेर येते आणि पुन्हा तेच. व्हर्साचेच्या प्लेट्सवर ती असते. हॉलिवूडपटांतल्या न्यूयॉर्ककरांच्या हातातला तो निळा-पांढरा कागदी कॉफी कप आठवतोय? १९६३मध्ये लेस्ली बक यांनी तो डिझाइन केला, तेव्हा त्याच्या काठावरही हीच नक्षी घेतली.

हिचं दुसरं नाव मिअँडर. आजच्या तुर्कस्तानातल्या एका वळणावळणाच्या नदीवरून पडलेलं. आपल्या लेखी मात्र ती फक्त बॉर्डर. जागा भरायची, विषय संपला!

पण अथेन्सच्या नॅशनल आर्किऑलॉजिकल म्युझियममध्ये एक भलाथोरला मातीचा कुंभ आहे. इसवीसनपूर्व ७५०च्या आसपासचा, दीड मीटरहून उंच. तळापासून तोंडापर्यंत पट्टेच पट्टे. एकेरी मिअँडर, दुहेरी मिअँडर, त्रिकोण. मानेवर चरणारी हरणं, तीही सगळी एका साच्यातली. आणि दोन कानांच्या मधोमध एक छोटीशी चौकट. तिच्यात उंच पलंगावर निजवलेली एक बाई. गेलेली. आजूबाजूला डोक्यावर हात घेऊन रडणारी माणसं.

हा कुंभ तिच्या थडग्यावर उभा होता. तिचं नाव कुणालाच माहीत नाही. कारागिराचंही नाही. जवळच्या डिपिलोन वेशीवरून अभ्यासक त्याला ‘डिपिलोन मास्टर’ म्हणतात, इतकंच.

आता त्याचं काम बघा. काळा दिसतो तो रंग नाहीच, तीच माती गाळून केलेला पातळ लेप. भट्टीत आधी हवा सोडायची, मग कोंडायची, मग पुन्हा सोडायची. नक्षी काळी राहते आणि बाकीची माती परत तांबूस होते. कॉपी-पेस्ट नाही, बॉस! कुंभाचा घेर दर पट्ट्याला बदलतो आणि तरी गोल फिरून आलेली शेवटची कडी पहिलीला नीट भिडायला हवी. हे सगळं हाताने, कुंचल्याने.

मला विचाराल तर या पट्ट्यांशिवाय ती चौकट एवढी लागली नसती. चहूकडे सगळं शिस्तीत चाललंय, हरणं चरताहेत, रेघ वळतेय. आणि मधल्या एवढ्याशा जागेत कुणाचं तरी माणूस गेलंय. ज्याच्या घरात असं घडलंय आणि खिडकीबाहेर बस नेहमीच्याच वेळेला गेलीय, त्याला हे वेगळं सांगायला नको.

कधी अथेन्सला गेलात तर पार्थेनॉन झाल्यावर एक तास या म्युझियमसाठी राखून ठेवा. आणि गेल्या गेल्या चौकटीकडे धावू नका. तळापासून एकेक पट्टा बघत वर या. तिच्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागू दे.