समुद्राला खबर, कोरडवाहूला उपदेश

हरिहरेश्वर म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला देवदर्शन आठवते. कालभैरव, खडकावरून घातलेली प्रदक्षिणा आणि खाली आपटणाऱ्या लाटा. कापूस-ज्वारीच्या शेतकऱ्याचा त्या गावाशी एरवी काय संबंध? संबंध आहे, आणि तो रेडिओमुळे आहे.

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या या किनाऱ्यावर चढले. सुपारी-नारळीच्या वाड्या आडव्या झाल्या, विजेचे खांब पडले, मोबाइल मुके झाले. कित्येक गावांत वीज परतायला आठवडे लागले. नुकसान मोठे झाले, पण वादळाची खबर आधी पोचलेली होती. किनारा कोणता, दिवस कोणता, वारा किती आणि समुद्रात जायचे की नाही, हे सगळे सांगितले गेले. मच्छीमारांसाठी आकाशवाणीवरून हवामान खात्याचा इशारा वर्षानुवर्षे दिला जातो, त्याची घडणच अशी आहे. चार वाक्ये असतात. किनाऱ्याचे नाव, वाऱ्याची दिशा, वेग, लाटा. होडी कशी वल्हवावी हे कोळ्याला कोणी शिकवत नाही. त्याला माहिती देतात आणि त्याच्या शहाणपणावर सोडतात.

आता आपल्या वाट्याचा रेडिओ आठवा. नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झाले, परभणी १९६८ साली. ज्यांची उमर झाली आहे त्यांना रेडिओचा अख्खा दिवस तोंडपाठ असेल. सकाळी पुण्याच्या प्रादेशिक बातम्या, त्यात सुधा नरवणे यांचा आवाज. साडेआठला दिल्लीहून मराठी बातम्या. बायाबापड्यांसाठी वनिता मंडळ, पोरांसाठी गंमत जंमत, गिरणीतल्या माणसासाठी कामगारसभा. रात्री भाषण, कीर्तन, नभोनाट्य. मुंबई केंद्राच्या ‘पुन्हा प्रपंच’मध्ये टेकाडे भावजी आणि मीनावहिनी अशा बोलायच्या की शेजारच्या खोलीतले बोलणे कानावर पडावे. गाणी बाजूला ठेवली तरी नुसत्या बोलण्याने दिवस भरत होता, आणि त्या बोलण्यात शहरातला कारकून आपल्या घरच्या कटकटी सांगत होता, कामगार आपली गाऱ्हाणी मांडत होता.

शेतकऱ्याच्या कार्यक्रमात मात्र बहुतेक वेळा बोलायचा तज्ज्ञ. शेतकरी बंधूंनो, अमुक वाण पेरा, तमुक औषध इतक्या लिटर पाण्यात मिसळा. आम्ही हे सगळे टाकाऊ म्हणणार नाही. संकरित ज्वारी आणि कपाशीवरच्या किडी यांची पहिली ओळख अनेक गावांना रेडिओनेच करून दिली. पण त्या फवारणीचा खर्च कापसाच्या भावात निघतो का, हा साधा प्रश्न त्या अर्ध्या तासात क्वचितच आला. सल्ला सरकारचा आणि तोटा शेतकऱ्याचा.

शेतकऱ्याला बोलताच येत नाही म्हणून असे झाले, असे कोणी म्हणत असेल तर त्याला १९५६ सालचा पुण्याचा प्रयोग दाखवावा. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या दीडशे गावांत श्रोतृमंडळे काढली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम. प्रत्येक मंडळात वीसेक माणसे. ऐकून झाल्यावर रेडिओ बंद करायचा, आपसात चर्चा करायची आणि निघालेले प्रश्न केंद्राला लिहून कळवायचे. त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमांत यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने नंतर तपासणी केली. मंडळ असलेली गावे, नुसता रेडिओ असलेली गावे आणि रेडिओच नसलेली गावे यांची तुलना केली. माहितीत खरी वाढ झाली ती मंडळांच्या गावांत. अक्षर न येणारी माणसेही चर्चेत मागे नव्हती. (विदर्भ तेव्हा मध्य प्रदेशात आणि मराठवाडा हैदराबादेत होता, त्यामुळे आपण त्या प्रयोगात नव्हतोच.) १९५९ पासून ही कल्पना देशभर नेली गेली. गावोगाव मंडळे निघाली, पुढे ती विझली. परत प्रश्न विचारणारा श्रोता टिकवायची सरकारला गरज वाटली नाही.

फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे. खटला क्रिकेटच्या सामन्यांचा होता, कापसाचा नव्हता, पण निकाल सगळ्यांसाठी आहे. २००६ मध्ये स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना छोटे सामुदायिक रेडिओ केंद्र काढायची मुभा मिळाली. साताऱ्याच्या दुष्काळी माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून ‘माणदेशी तरंग’ बोलू लागले. तिथे जमते तर वऱ्हाडात न जमण्याचे कारण नाही. अडचण एकच आणि ती मोठी आहे. या केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडी देण्यास मनाई आहे. खाजगी एफएमलाही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. वर्तमानपत्राला जे चालते, आमच्या या चार पानांनाही जे चालते, ते रेडिओला चालत नाही.

याचा अर्थ काय होतो ते पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत वाढवून डिसेंबरअखेरपर्यंत. म्हणजे नेमका आपला कापूस वेचून बाजारात येण्याचा काळ. बातमीत हे एका वाक्यात बसते. बाहेरची गाठ किती रुपयांना पडेल, गिरणीवाला आपला कापूस कशाला घेईल, घरात ठेवावा की विकावा, हे बोलायला अर्धा तास लागतो आणि समोर कापूसवाला लागतो. श्रीवर्धनच्या कोळ्याला वारा कुठून येतोय ते कळते. आपल्यावर दिल्लीहून येणारा वारा आपल्याला बाजार समितीच्या आवारात गाडी उभी केल्यावर कळतो.

म्हणून या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. आपल्या शिवारात कोणते केंद्र स्पष्ट ऐकू येते, शेतकऱ्यांचा कार्यक्रम किती वाजता लागतो, त्यात मागच्या महिन्यात कोण बोलले आणि कशावर बोलले, एवढेच लिहायचे. ज्या गावात ट्रान्झिस्टर उरलेला नाही त्यांनी मोबाइलवर ऐकून लिहावे. हे कागद एकत्र करून आम्ही केंद्र संचालकांकडे नेणार आहोत, आणि आठवड्यातून एक अर्धा तास कोरडवाहू शेतकऱ्याच्या प्रश्नांना, त्याच्याच आवाजात, मागणार आहोत. पहिला विषय कापसाचा उत्पादन खर्च. हिशोब आणणाऱ्यांनी बियाणे, फवारणी आणि वेचणीची मजुरी वेगवेगळी लिहून आणावी.